उंबऱ्यावरची मुकी बाई

एका धडधाकट बाईला मी बहिरी-मुकी ठरवलं होतं, हे नातवंडांना अजून सांगितलेलं नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बहिऱ्या मुलांना शिकवण्याच्या कोर्सला नुकतीच लागले होते, त्यामुळे दिसेल तो माणूस मला विद्यार्थीच वाटायचा.

घाटकोपरला आमच्या बसस्टॉपमागच्या चाळीत ती रोज सकाळी उंबऱ्यावर बसून बोटाने दात घासत असायची. "बस गेली का हो?" विचारलं की भुवया उडवून, हात हलवून सांगायची. तोंडातून शब्द नाही. माझे ओठ वाचत असणार! झालं, आमचं निदान तयार!

परीक्षेचा पाठ होता त्या सकाळी मला एका जागी उभं राहवेना. येरझाऱ्या घालता घालता तिच्यापुढेच थांबले आणि वर्गात शिकवलं होतं त्याच्या दुप्पट ओठ ताणून म्हणाले, "आज — माझी — परीक्षा. बहिरी — मुलं — माझ्याकडे — बघतच — नाहीत. नापास — होणार — मी."

तिने उठून मोरीत तोंडातली मशेरी थुंकली, चूळ भरली, पदराने तोंड पुसलं.

"गो बाय, माका ऐकाक येता," ती म्हणाली. "पोरांपुढेपण असाच तोंड करतंस? मगे ती भियातली नाय तर काय!"