आत्याचे गाल

तंजावूरच्या चित्रांत देवांचे गाल नेहमी गुबगुबीत, तुळतुळीत. सगळा उठाव दागिन्यांना. खडूची पूड डिंकात कालवायची, तिचे ठिपके द्यायचे, वर सोन्याचा वर्ख चढवायचा. मला मात्र देवांच्या जागी आमच्या कुंभकोणमची माणसं बसवायची होती आणि चेहऱ्याची ती जुनी रीत मोडायची होती. मोठी आली शहाणी!

पहिल्यांदा बसवलं आत्याला. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण तोंडभर वण राहिले. त्यापायी लग्न जमलं नाही. कुणी फोटो काढतो म्हटलं की ही पदर ओढून मागे. चित्राला मात्र कबूल झाली, एकाच अटीवर. "लक्ष्मीचे गाल करतेस ना, तसे माझे कर बाई. एकदा तरी बघू दे मला."

"हो गं आत्या, करते," मी म्हटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आठ दिवस ती माझ्यासमोर हलली नाही. आणि मी? एकेक वण हेरून त्यावर खडूचा ठिपका दिला, ठिपक्यावर वर्ख. हात असा चालला होता की काय सांगू! तिने बघायला मागितलं, तर "प्रदर्शनातच बघ" म्हणून टोलवलं. बघितलं तर नको म्हणेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. हे लिहितानाही लाज वाटते.

प्रदर्शनाच्या दिवशी ती पट्टीश्वरमला दुर्गेला दिवा लावून तशीच बसने आली. हिरवं लुगडं, केसांत मोगरा. चेन्नईच्या एक बाई मला सांगत होत्या, असा चेहरा आजवर कुणी केला नाही. मी फुगून उभी. आत्या पुढे झाली. चित्रात तिचा वण न् वण झगमगत होता. बघता बघता तिने पदर गालावर ओढला.

बाईंनी चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अय्यो, ह्या तुम्हीच ना?" त्यांनी तमिळमध्ये हौसेने विचारलं.

"छे! ती माझी बहीण," आत्याही तमिळमध्येच म्हणाली. "वारली ती."

माझ्या वडिलांना बहीण एकच. बाई आता माझ्याकडे बघत होत्या, आत्या जमिनीकडे. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"हो," मी म्हणाले. "धाकटी आत्या."