दुसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही

जगदाळे साहेब इंटरव्ह्यूच्या खोलीतून बाहेर आले ते हसतच. पगडी सारखी केली, माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, एक बी गलती नाही झाली. सगळं तुम्ही शिकवलं तसंच."

मी व्हरांड्यातल्या बाकावर वाट बघत बसले होते. विचारलं, "आणि शेवटचं वाक्य? ते बोललात ना?"

"त्याची नौबतच नाही आली," ते म्हणाले.

मध्यभारत राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. इंदूर संस्थान त्यात विलीन झालं आणि संस्थानच्या नोकरांचं काय करायचं, हे ठरवायला एक कमिटी बसली. कोणाला इंदूरला ठेवायचं, कोणाला ग्वाल्हेरला पाठवायचं, कोणाला घरी बसवायचं, सगळं तिच्या हातात. कमिटीचे अध्यक्ष दूरच्या प्रांतातून आलेले. त्यांना हिंदी बेताची, मराठी अजिबात नाही, म्हणून इंटरव्ह्यू इंग्रजीत. दरबारच्या पागेत घोड्यांमध्ये हयात गेलेल्या माणसांनी इंग्रजी आणायची कुठून? मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. आमच्या हेडमिस्ट्रेसबाईंनी मला बोलावून सांगितलं, शाळा भरायच्या आधी या मंडळींचा क्लास घे. समोर सगळे माझ्या वडिलांच्या वयाचे, पिळदार मिशांचे. पहिल्या दिवशी मी आत गेले तर सगळे ताडकन उभे राहिले. मला पळून जावंसं वाटलं होतं.

थोड्या दिवसांत जास्तीत जास्त काम निभावेल असं काय शिकवावं, याचा मी विचार केला. आपण म्हणतो, 'खायला काहीतरी द्या'. काम आधी, वस्तू मागून. इंग्रजीत उलटं. आधी 'समथिंग', मग 'टु ईट'. 'नोबडी टु आस्क', म्हणजे विचारायला कोणी नाही. 'नोव्हेअर टु गो', जायला जागा नाही. 'हाऊ टु से', कसं सांगायचं. कोणी, काही, कुठे, कसं असा एक मोघम शब्द पुढे ठेवायचा आणि त्याच्यामागे 'टु' लावून काम जोडायचं. पुस्तकात याला भलंमोठं नाव आहे, ते मी फळ्यावर लिहिलंच नाही.

जगदाळे साहेबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे टांगा पुढे, घोडा मागे. अंग्रेज ऐसेच चलते हैं क्या?" क्लास हसला, पण त्यानंतर कोणाची घोडा-टांग्याची गल्लत झाली नाही.

शिकवणाऱ्याला एकदा तरी जेवू घालायचं, म्हणून ते मला मल्हारगंजातल्या आपल्या घरी घेऊन गेले. त्यांच्या पत्नीने, काकींनी, पाट मांडला, वाढलं, फडताळातून लोणच्याची बरणी काढली, पायरी उतरून पाणी आणलं. एक हात तेवढा भिंतीवरून अलगद फिरत होता. मी निघताना उंबऱ्याबाहेर वाकून नमस्कार केला, तेव्हा त्या भलतीकडेच बघून आशीर्वाद देत होत्या. मला तेव्हा कळलं.

"या घरात मला दिसतं गं," काकी म्हणाल्या. "बाहेर नाही दिसत."

ग्वाल्हेरला बदली म्हणजे काय, हे मला त्या एका वाक्यात समजलं. जगदाळे साहेबांना हुद्दा नको होता, पगारवाढ नको होती. इंदुरात राहायचं होतं, मग काम कसलं का असेना.

म्हणून त्यांच्यासाठी मी खास वाक्य तयार केलं: 'सर, आय हॅव समवन टु लुक आफ्टर.' म्हणजे, माझ्यावर एका माणसाची जबाबदारी आहे. इंटरव्ह्यूच्या शेवटी 'हॅव यू एनिथिंग टु से?' असं विचारतात, म्हणजे काही सांगायचं आहे का. तेव्हा हे म्हणायचं आणि पुढे काकींचं सांगायचं. घोड्यांना खरारा करताना ते हे वाक्य घोकत. घोड्यांनाही पाठ झालं असेल.

आता व्हरांड्यात मी खोदून विचारलं. अध्यक्षांनी अगदी तोच प्रश्न, त्याच शब्दांत विचारला होता. यांनी उत्तर दिलं, 'नथिंग टु से, सर.'

"पण का?" मी म्हटलं.

"बाई, पहिल्यांदा विचारल्याबरोबर आपलं रडगाणं सुरू करू नये. दरबारात 'काही अर्ज आहे?' म्हणून विचारलं की 'कृपा आहे' म्हणायचं. परत विचारलं, की मग सांगायचं. पहिलं विचारणं रिवाजाचं, दुसरं मनापासूनचं."

"आणि दुसऱ्यांदा विचारलं?"

"पुढच्या माणसाला आवाज दिला," ते म्हणाले, आणि हसू पहिल्यांदाच थोडं उतरलं. "पण बोलावतील परत."

परत बोलावलं नाही. ग्वाल्हेरची ऑर्डर आली.

मी तडक कमिटीच्या ऑफिसात गेले. हेडक्लार्कने कागद बघितला आणि म्हणाला, त्यांना विचारलं होतं, तेच नाही म्हणाले. मी म्हटलं, "एकदाच विचारलं ना?"

"फिर? ये इंटरव्ह्यू है, बाईजी. लग्नाची पंगत नाही, आग्रह करायला."

मला राग आला. पण माणूस वाईट नव्हता. जगदाळे साहेब स्वतः येऊन बोलले तर अध्यक्षसाहेबांच्या कानावर घालतो, असंही त्याने सांगितलं. मी धावत मल्हारगंज गाठलं. पण ते हलले नाहीत. भरल्या कमिटीसमोर 'काही सांगायचं नाही' म्हटलं, आता कुठल्या तोंडाने जायचं? मी हात जोडले. काकी आतून सगळं ऐकत होत्या.

जगदाळे साहेब रिटायर झाले आणि दोघं मल्हारगंजातल्या घरी परत आले, तेव्हा मी भेटायला गेले. काकी दाराजवळच्या खुर्चीत बसून होत्या. ग्वाल्हेरला भाड्याची घरं बदलत राहिली, एकदा त्या पडल्या, आणि मग हात धरल्याशिवाय उठणंच सुटलं. भिंती त्याच होत्या, फडताळ तेच. पण पाय आता विश्वास ठेवत नाहीत, असं त्या म्हणाल्या. हे सांगताना त्यांचा आवाज साधाच होता. मला मात्र रडू आवरेना.

"चहा घेणार, बाई?" जगदाळे साहेबांनी विचारलं. आता चहा तेच करत.

"नको, नको," मी सवयीने म्हटलं.

"अच्छा," ते म्हणाले, आणि बसून राहिले.

जरा वेळाने काकी त्यांच्या दिशेने वळल्या. "अहो, परत विचारा ना तिला."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी 'एनिथिंग टु से' शिकवलं. शिकवून झालं की प्रत्येक वर्गात सांगत असे: पोरींनो, इंग्रजीत एकदाच विचारतात. सांगायचं असेल तर तेवढ्यात सांगून टाका.