पाचाच्या जागी पंधरा

अख्खी हयात शहापूर-मुरबाडकडे वायरमनचं काम केलं. उन्हाळ्यात भेंडीच्या मळ्यात पंपाचा फ्यूज उडाला की शेतकरी सरळ जाड तार घालायचा आणि मी त्याला झापायचो. अरे, फ्यूज पंपासाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो!

निवृत्त झाल्यावर सापगावच्या शेडमध्ये दोन सीटचं छोटं विमान बांधायला घेतलं. लोक हसले. आमची ही हसली नाही. उजव्या सीटवर उशी टाकून ती वालाच्या शेंगा सोलत बसायची. मी प्रत्येक यंत्राला किती करंट लागतो ते बघून वायर निवडायचो आणि वायरला झेपेल तेवढाच ब्रेकर, म्हणजे पडला की पुन्हा दाबता येणारा फ्यूजच, लावायचो. इंजिनाच्या आवाजात दोघांना बोलता यावं म्हणून इंटरकॉम; त्याची वायर बारीक, म्हणून ब्रेकर पाच अँपिअरचा. तो तपासायला दोघं हेडफोन लावायचो.

"ऐकू येतंय का वो?" ती विचारायची. हातभर अंतरावर बसून!

मी मुद्दाम म्हणायचो, "नाय." मग ती आणखी मोठ्यानं विचारायची.

ती गेली त्याला दुसरं वर्ष. तेव्हापासून शेड बंदच होती. गेल्या महिन्यात उघडली, इंटरकॉम लावला, तर ब्रेकर पडला. पुन्हा दाबला, पुन्हा पडला. वायर उजव्या सीटखालून जाते. सीट सोडवायची तर आधी उशी उचलावी लागणार, आणि तिच्या बसण्याचा खळगा त्या उशीत अजून तसाच होता. मी खोक्यातला पंधराचा ब्रेकर काढून पाचाच्या जागी बसवला. मी! जन्मभर लोकांना झापणारा!

ब्रेकर पडला नाही. धूर आला. बॅटरीची जोडणी काढेपर्यंत वायर वितळली आणि उशी खालून करपली.

शेवटी उशी उचलावीच लागली. खळगा मोडला. तिला पाय लांब करता यावेत म्हणून मीच एकदा सीट मागे सरकवली होती, तेव्हा वायर सीटच्या पट्टीखाली चेमटली होती, आणि हळूहळू तिचं आवरण फाटलं होतं. शेजारी वालाचे चार वाळके दाणे पडले होते. मी तिथंच बसून रडलो. बघायला होतं कोण?

नवी वायर ओढली, ब्रेकर पाचाचाच लावला. आता तपासायला दुसरं माणूस कुठून आणू? तिच्या सीटवर बसलो, तिचा हेडफोन एकाच कानावर घातला, माझा डाव्या सीटवर ठेवला.

"ऐकू येतंय का वो?"

डाव्या सीटवरच्या हेडफोनमधून माझाच आवाज बारीक ऐकू आला. ब्रेकर टिकला. येतंय गो, असं एकदा तरी पहिल्या हाकेला सांगायला हवं होतं मी.