फ्लेक्सवरचे उसने डोळे

नोकरीतले मोठमोठे गुन्हे मी विसरत चालले आहे, पण हे प्रकरण अजून जसंच्या तसं डोक्यात आहे. यात खून नव्हता, दरोडा नव्हता. एका सोमवारी सकाळी एक बाई ठाण्याच्या पायऱ्या चढून आली आणि तिच्या काखेत एक गुंडाळलेला फ्लेक्स होता. तिच्याच मुलाच्या श्रद्धांजलीचा. चौकात शिडी लावून, विळ्याने दोऱ्या कापून तिने तो स्वतः उतरवला होता.

ठाणे अंमलदार तिला म्हणाला, "बाई, फ्लेक्स काढला म्हणून उलट तुमच्यावर तक्रार येईल."

"यिऊ द्या. तवर माझी ल्हून घ्या."

माझ्या निवृत्तीला तेव्हा वर्ष राहिलं होतं. मी सहायक फौजदार होते. शिक्षण सातवी. माझे मालक खात्यात शिपाई होते, ते गेले आणि त्यांच्या जागेवर मला घेतलं. लोणावळ्याजवळचं ठाणं म्हणजे शनिवार-रविवार पर्यटकांच्या मारामाऱ्या आणि सोमवारी त्यांचे हरवलेले मोबाईल. त्या दिवशी मोबाईलवाल्यांची रांग दारापर्यंत होती. मी बाईला आतल्या टेबलाशी नेलं आणि चहा सांगितला. माणूस रागात असला की आधी त्याच्या हातात कप द्यावा. कप सांभाळताना आवाज आपोआप खाली येतो.

बाई बेडशाच्या लेण्यांकडची, शेतकरी घरातली. मुलगा रॅप करायचा. भराभर बोलायचं आणि मागे ठेका वाजवायचा, एवढंच मला त्यातलं कळतं. पण त्याची गाणी आमच्या शिपायांच्याही मोबाईलमध्ये होती. डोंगर फोडून झालेले बंगले, धरणाकाठचे तंबू, सुट्टीच्या दिवशी गाड्यांच्या रांगेत अडकलेली गावची बाळंतीण, असले विषय. लाखो लोकांनी ती पाहिली होती. चार महिन्यांपूर्वी घाटात त्याची मोटारसायकल घसरली. पंचनामा आमच्याच ठाण्याने केला. मागे आई, बायको आणि दोन वर्षांची मुलगी राहिली.

आणि कर्ज राहिलं. माईक आणि कॉम्प्युटर घ्यायला त्याने दीड लाख उचलले होते, तेही आईच्या नावावर, बायकांच्या बचत गटातून. हा गट बारा जणींचा. लेण्यांच्या पायथ्याशी पिठलं-भाकरीची टपरी चालवतात. बचत गटाच्या कर्जाला बारा जणी जामीन असतात. एकीचा हप्ता चुकला की बँक बाराही जणींकडे बघते. या बाईचे चार हप्ते चुकले होते आणि टपरीवर पत्र्याची शेड घालायला गटाला मिळणारं नवीन कर्ज बँकेने अडवलं होतं.

हेही बायकांनी धकवून घेतलं असतं. दुःखाचं घर आहे, म्हणून गप्प होत्या. पण मग फ्लेक्स लागले. कामशेत, तळेगाव, लोणावळा, सगळीकडे एकच. मधोमध मुलाचा फोटो, खाली 'कलाकाराच्या कुटुंबाला मदतीचा हात', त्याखाली मोबाईलने पैसे पाठवायचा क्यूआर कोड आणि सभोवती चौदा शोकाकुल माणसांचे फोटो.

"समद्या तालुक्यानं पैसं टाकलं, बाई," ती मला म्हणाली. "आमच्या गटातल्या बायांनीबी टाकलं. आन आता त्याच इचारत्यात, आमचं पैसं घिऊन बसलीस, मग हप्ता का भरीत न्हाईस? शुक्रवारी मीटिंग हाय. मला गटातनं काढणारेत. टपरी ग्येली तर सुनंनं आन मी खायाचं काय?"

"म्हणजे तुम्हाला पैसे मिळालेच नाहीत?"

"एक रुपाया न्हाई. ह्यो फ्लेक्स कुनी लावला त्येबी म्हाईत न्हाई. मला चोर धरून नको. मला एक कागूद द्या, शिक्का मारून. का ह्या बाईला पैसं आलेलं न्हाईत."

असा दाखला पोलिसात मिळत नाही. मी तसं सांगितलं. तिने चहा संपवला, टेबलावर फ्लेक्स पसरला आणि एका फोटोवर बोट ठेवलं. मुलाच्या अगदी शेजारचा फोटो, हात जोडलेला एक तरणा पोरगा.

"ह्यो कोन बाप्या, मी वळखत न्हाई. पर ह्याचं डोळं माझ्या पोराचं हायेत."

शिपायाने माझ्याकडे बघितलं, मी शिपायाकडे. आईला जिथे तिथे मुलगा दिसतो, असं समजून मी ते वाक्य अर्जात घेतलंच नाही. ही माझी चूक, आणि तिच्यामुळे दोन दिवस गेले.

साहेबांनी चौकशी माझ्याकडे दिली. कोड स्कॅन केल्यावर एका बाईचं नाव यायचं आणि आडनावाच्या जागी नुसतं एक अक्षर. त्या नावाच्या बायका मावळात गल्लोगल्ली. बँकेला पत्र गेलं. उत्तराला पंधरा दिवस लागतील, असं सायबरवाल्यांनी सांगितलं. मीटिंग शुक्रवारी होती.

मग आम्ही फ्लेक्सवरचे चौदा चेहरे धरले. दोघा-तिघांना कोणी ओळखेना. बाकीच्यांना फोन लावले. सरपंच, दोन माजी सरपंच, एक जमिनीचा एजंट, एक जिमवाला. सगळ्यांचं उत्तर एकच, फोटो आमचा, फ्लेक्स आमचा नाही. खोटं कोणीच बोलत नव्हतं. आमच्याकडे फ्लेक्सवर फोटो टाकताना कोणी विचारत नाही आणि टाकला म्हणून कोणी रागावत नाही. न टाकल्यावर मात्र वर्षभर अबोला असतो. एका माजी सरपंचांनी तर मलाच विचारलं, "मावशी, माझा कितव्या नंबरला आहे?"

एक गोष्ट मात्र मला ठाऊक होती. फ्लेक्सचे पैसे देणारा माणूस स्वतःचा फोटो सोडत नाही. वाढदिवस असो नाहीतर मयत, त्याचा चेहरा त्यात असतोच. म्हणजे आमचा माणूस या चौदांत होता.

बुधवारी मी छापणाऱ्याकडे गेले. फ्लेक्सच्या कोपऱ्यात दुकानाचा फोन नंबर असतो, तो कोणी वाचत नाही. दुकान तळेगावात. मालक मध्यमवयीन, कपाळावर चष्मा, समोर तीन वाढदिवस छापायला पडलेले.

"कोणी छापून घेतला?"

"मावशी, दिवसाला तीस फ्लेक्स निघतात. रोख दिले, पेन ड्राइव्ह दिला, गेला. नाव कोण विचारतो?"

मी फ्लेक्स पसरला. उलटतपासणीत काही सुचेना की मी तक्रारदाराचंच बोलणं पुढे करते. म्हटलं, "त्या मुलाची आई म्हणते, या फोटोतले डोळे तिच्या मुलाचे आहेत."

मालकाच्या कपाळावरचा चष्मा नाकावर आला.

"तिला कसं कळलं?"

"म्हणजे खरं आहे?"

"अहो, काय करू! त्या पोराचा एकही फोटो गॉगलशिवाय नाही. म्हणतो, दुःखाचा फ्लेक्स आहे, गॉगल काढा. दोन तास डोक्यावर बसला होता. गॉगल काढला, पण खाली डोळे कुठून आणायचे? शेजारी त्या गायकाचा मोठा स्वच्छ फोटो होता. त्याचेच उचलले, जरा बारीक केले, बसवले. आजपर्यंत हजारो लोकांनी बघितला, कोणाला कळलं नाही हो."

मला हसू आवरेना. मालकही हसला आणि मग मी पोलीस आहे हे आठवून थांबला. मूळ गॉगलवाला फोटो त्याच्या कॉम्प्युटरमध्ये होता. तो बघितल्याबरोबर माझ्याबरोबरचा शिपाई म्हणाला, "मॅडम, हा तर त्याच्या प्रत्येक गाण्यात मागे उभा असतो!"

पोरगा देहूरोडचा निघाला. वडील लष्कराच्या डेपोत कामाला. दुसऱ्या दिवशी नोटीस देऊन बोलावला, तर गॉगल लावूनच आला.

"काढ तो."

त्याने काढला. डोळे बारीक, घाबरलेले आणि पूर्णपणे त्याचे स्वतःचे. पहिला अर्धा तास मी फ्लेक्सचं नावच घेतलं नाही. घरी कोण कोण, कुठवर शिकला, डबा काय आणतो, एवढंच विचारलं. खोटं बोलायची तयारी करून आलेला माणूस डब्याबद्दल बोलायला लागला की ढिला पडतो. मग विचारलं, "तुझ्या आईचं नाव काय?"

त्याने सांगितलं. कोडवर यायचं तेच.

"आता बोल, पैसे कुठे आहेत?"

"मावशी, आईशप्पथ, एक रुपयापण खाल्ला नाही. भाऊ होता तो माझा. त्याच्या वर्षश्राद्धाला शो करायचाय, लोणावळ्यात. एलईडी स्क्रीन, तीस फुटी कटआउट, फुल साउंड. त्या शोमधून जे सुटतील ते त्याच्या आईला द्यायचे. डायरेक्ट मोठा आकडा. स्टेजवर बोलावून."

"जमले किती?"

"अडुसष्ट हजार."

"राहिले किती?"

"तेवीस. बाकी मंडपवाल्याला ॲडव्हान्स दिला."

"त्या बाईला एकदा तरी विचारलंस?"

"सरप्राइज होतं."

"तुझ्या सरप्राइजपायी उद्या त्या बाईच्या हातची टपरी जाणार आहे."

बचत गटाचं सगळं सांगितल्यावर तो बराच वेळ गॉगलची काडी उघडत-मिटत बसला. मित्राच्या दहाव्यानंतर तो त्या घरी एकदाही गेला नव्हता. का, तर रिकाम्या हाताने कसं जायचं. वाईट माणसांपेक्षा अशा माणसांनी माझं काम जास्त वाढवलं आहे. लबाड असता तर साधं झालं असतं. आत टाकला असता.

मी त्याचा जबाब घेतला, प्रत्येक वाक्य त्याला वाचून दाखवलं, सही घेतली. साहेब म्हणाले, गुन्हा दाखल करायचा का हे बाईला विचारा. त्याआधी मी मंडपवाल्याकडे गेले. त्याचं म्हणणं, ॲडव्हान्स परत मिळत नसतो, पावतीवर छापलेलं आहे. मी पावती वाचली. मग त्याच्या गेल्या तीन कार्यक्रमांच्या लाउडस्पीकरचे परवाने दाखवायला सांगितले, वाचायची मला आवड आहे म्हणून. संध्याकाळच्या आत चाळीस हजार परत आले. पाच त्याने खर्चाचे कापले, मीही ताणलं नाही.

शुक्रवारी दुपारी टपरीमागच्या झाडाखाली मीटिंग होती. मी गेले तेव्हा अकरा जणी एका बाजूला आणि ती एकटी दुसऱ्या बाजूला बसली होती. पोरगा माझ्या मागे, गॉगल खिशात.

गटाची अध्यक्ष म्हणाली, "बाई, ह्ये आमच्या घरातलं हाय. पोलिसांचं काय काम?"

"काम वाचायचं आहे. ऐका."

आणि मी त्या पोराचा जबाब मोठ्याने वाचला. जबाबाची भाषा कोरडी असते, ते बरंच असतं. 'सदर रकमेपैकी कोणतीही रक्कम मयताच्या आईस अथवा पत्नीस दिलेली नाही व त्यांना याबाबत काहीएक माहिती नव्हती.' हे वाक्य मी दोनदा वाचलं. खात्याला दाखला देता येत नव्हता, पण जबाब वाचायला कोणी मनाई केली नव्हती.

एक म्हातारी उठली, पदर झटकला आणि आमच्या बाईशेजारी जाऊन बसली. बसता बसता म्हणाली, "सरक की गं. का समदी जागा तुलाच पायजे?" तिच्यामागे बाकीच्या एकेक करून सरकल्या. माफी कोणी मागितली नाही. गावात तशी पद्धत नाही.

बाईने पोराकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू व्हय? तुला गॉगलबिगर म्या कधी पाह्यलाच न्हाई. आदी का न्हाई आलास रं?"

"हात हलवत कसं येऊ, मावशी."

"हात हलवत यिऊन भाकर खाल्ली असतीस तर टपरीला गिऱ्हाईक तरी दिसलं असतं."

त्याच्यावर तक्रार करायची नाही, असं तिने लिहून दिलं. मंडपवाल्याचे आणि त्याच्याकडचे मिळून त्रेसष्ट हजार जमले. त्यात थकलेले चार हप्ते फिटले, पुढचे दोन भरले आणि शेडचं कर्ज सुटलं. राहिलेले सासू-सून फेडत राहिल्या. सुनेने मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद पाठवून पाठवून नवऱ्याचं गाण्यांचं चॅनेल आपल्या नावावर करून घेतलं. त्याला आठ महिने लागले. लाखो लोक बघतात त्या गाण्यांचे महिन्याला येतात किती, तर गॅसच्या एका टाकीपुरते. नंतर पिंपरीकडच्या आणखी दोन घरांचं ऐकलं, रॅप करणारी मुलं गेलेली. तिथेही तेच. दारात मोठा फ्लेक्स, घरात उधारीचा किराणा, आणि 'यांना काय कमी आहे' म्हणणारे शेजारी.

मी या प्रकरणातून दोन गोष्टी शिकले, त्याही नोकरीच्या शेवटच्या वर्षी. तक्रारदार बोलेल ते सगळं लिहून घ्यावं, येडपट वाटलं तरी. आपलं शहाणपण नंतर. दुसरी गोष्ट म्हणजे, मयताच्या घरी मदत करायची असेल तर आधी दार वाजवून विचारावं, तुम्हाला काय पाहिजे. माझे मालक गेले तेव्हा लोकांनी हारांचा ढीग लावला होता. पेन्शनच्या कागदावर सही कुठे करायची, हे सांगायला एकजण आला नाही.

शो झाला. लोणावळ्यात नव्हे, टपरीजवळच्या मोकळ्या जागेत, दिवसाढवळ्या, परवाना काढून. परवान्याचा अर्ज मीच तपासला. स्क्रीन नव्हती, कटआउट नव्हतं. देहूरोडच्या पोराने मित्राची गाणी म्हटली, गॉगल न लावता. पाच-सहाशे पोरं आली आणि बाराही जणी नव्या शेडखाली भाकऱ्या थापत होत्या. शेवटी मी बाईला विचारलं, गाणी कशी वाटली. तिने पिठाचे हात झटकले.

"म्हनलं काय त्यातलं निम्मं कळलं न्हाई, बाई. पर पीठ दोनदा आनावं लागलं."