लेण्यातल्या पंखवाल्याचं तोंड

लेण्यात शिरताना ते दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरायचे, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. मग पाहुण्यांना सांगायचे, "हात लावू नका, पावणं. डोळ्यानं किती बी बघा, डोळ्यानं दगड झिजत न्हाई."

जुन्नरच्या डोंगरातल्या एका लहानशा बौद्ध लेण्याचे ते पहारेकरी. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना वाट विचारतो, फोटो काढायला सांगतो आणि विसरतो. मी राजुरीकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो, दरवर्षी पोरांची सहल तिथं न्यायचो, म्हणून आमचा 'जय भीम, गुरुजी' एवढा परिचय टिकला.

लेण्याच्या दाराशी, आपल्या डोक्याच्या उंचीवर, एक जनावर कोरलेलं आहे. अंग सिंहाचं, पाठीवर पंख, शेपटी बैलाची. "तालुक्यात बिबटे लई," ते पोरांना म्हणायचे, "पर पंखवाला ह्यो एकलाच." तोंडाच्या जागी मात्र नुसता खरबरीत दगड. दोन हजार वर्षांच्या ऊन-पावसानं झिजलं, असं मी पोरांना सांगायचो. तेव्हा ते दरीकडं बघत राहायचे.

त्यांची नोकरी संपली त्या वर्षी त्यांनी मला घरी बोलावलं. चहा झाल्यावर म्हणाले, "गुरुजी, मी सांगतो तसं एक तोंड काढाल?"

कुणाचं, विचारल्यावर सगळं बाहेर आलं. फार वर्षांपूर्वी कुणीतरी त्या जनावराला शेंदूर फासून नारळ फोडला होता. यांनी वर कळवलं. उत्तर नाही. पुन्हा कळवलं. तेवढ्यात साहेब येणार असा निरोप आला. बुद्धाच्या लेण्यात शेंदूर, आणि तोही आपल्या पहाऱ्यात! यांनी घरून रॉकेल आणि तारेचा ब्रश नेला.

"शेंदूर निघाला, गुरुजी. पर त्याच्यासंगं दगडाचा पापुद्रा बी निघाला. नाक माझ्या तळहातावर आलं."

दुसऱ्या दिवशी साहेब आले, जनावराकडं बघितलं आणि 'नैसर्गिक झीज' असं लिहून गेले. यांनी तोंड उघडलं नाही. घरात लहान लेकरं होती. नंतर कुणी विचारलंच नाही.

फोटो असतीलच की, मी म्हणालो. त्यांनी ओळखीपाळखीतून गोळा केलेले जुने फोटो पुढं ठेवले. प्रत्येकात लोक त्या जनावराला टेकून हसत उभे होते. त्याच्या तोंडाच्या जागी कुणाची टोपी, कुणाचा अंबाडा, एका फोटोत नवरदेवाचा फेटा. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली, कारण त्यातल्या एकात कॉलेजच्या वयातला मीच होतो, आणि ते तोंड मला आठवत नव्हतं.

मग दर रविवारी मी वही घेऊन जाऊ लागलो. माझ्या हाताला वळण आहे असं लोक म्हणतात, मलाही तसं वाटायचं. त्या तोंडानं माझी घमेंड उतरवली.

"न्हाई गुरुजी. नाक आखूड करा."

केलं.

"आता मांजर झालं."

पुस्तकांतून मी चित्रं नेली. शिवनेरीच्या दरवाज्यावरचा शरभ. दक्षिणेतल्या देवळांचा याळी. इराणातले पंखवाले सिंह, माणसाच्या तोंडाचे दाढीवाले बैल, ग्रीकांचा चोचवाला सिंह, चीनचा बटबटीत डोळ्यांचा. एकेकावर बोट ठेवून ते निवाडा द्यायचे. शरभाला म्हणाले, "ह्यो भाऊकीतला." बाकी सगळे पावणे. "पावणं चांगलं हाईत, पर घरचं न्हाई."

"हसत होतं का ते?" मी एकदा वैतागून विचारलं.

"हसत नव्हतं. हसायच्या बेतात व्हतं." मग हळूच म्हणाले, "तेवढ्यात मी ब्रश मारला."

हसायच्या बेतातलं तोंड कसं काढायचं ते मला आजही येत नाही. दोन वह्या भरल्या. तिसरी अर्धी झाली तेव्हा मला पुण्याला मुलाकडं जावं लागलं आणि रविवार बुडाले. अधूनमधून तरी त्यांच्याकडं जायला हवं होतं. गेलो नाही.

वर्षभरानं गेलो तेव्हा ते ओसरीवर बसले होते. अंग उतरलं होतं. त्यांची बायको म्हणाली, "मला बी धड वळखत न्हाईत आता. तुमी बोला, बरं वाटंल त्यास्नी."

पुण्यात मी एक तोंड काढलं होतं, जीव लावून. ते पुढं धरलं. त्यांनी दोन्ही हातांनी कागद घेतला. डोळे भरून आले.

"ह्योच," ते म्हणाले. "गुरुजी, ह्योच की!"

मला काय झालं सांगता येत नाही. मी त्यांचा हात धरला. त्यांच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. मग चहा आला, आणि कप ठेवायला जागा करताना मी वह्यांसोबत आणलेलं चित्रांचं पुस्तक खाली पडून उघडलं. चीनच्या सिंहाचं पान. त्यांनी वाकून त्यावर बोट ठेवलं.

"ह्योच," ते म्हणाले, तितक्याच आनंदानं.

मी पहिल्या वहीचं पहिलं पान काढलं. त्यांनी मांजर म्हणून टाकलेलं.

"ह्योच, गुरुजी."

पावसाळ्याआधी ते गेले. तिन्ही वह्या माझ्याकडं आहेत. त्यातलं एखादं तोंड बरोबर असेलही. पण न्हाई म्हणणारा एकच माणूस होता.