दोन सीटांचे काका

“सर, आमच्या सिस्टीमप्रमाणे स्टेडियममधल्या तुमच्या दोन सीटपैकी पंधरा नंबरची सीट गेली दोन वर्षं एकदाही स्कॅन झालेली नाही,” स्पीकरवरची बाई इंग्रजीत म्हणाली. मी जिन्यात होते, कडेवर धुतलेल्या कपड्यांची बास्केट. काका ओट्याशी उभं राहून पोह्यांची फोडणी करत होते. मोहरी तडतडून शांत होईपर्यंत ते थांबले आणि मग तिच्याच भाषेत, अगदी सहज म्हणाले, “ती गाडी पार्क करतेय.”

बाईने ‘ओके’ म्हणून काहीतरी टाइप केलं. ती म्हणजे काकू, आणि त्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती.

काका म्हणजे माझ्या आईच्या शाळेतल्या मैत्रिणीचे यजमान. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं की हे नातं सांगून होईपर्यंत प्रसादाची रांग पुढे सरकलेली असते. मी नोकरीसाठी ह्यूस्टनला आले तेव्हा काकू मला एअरपोर्टवरून घेऊन आल्या, शहरालगतच्या शुगर लँडमधल्या त्यांच्या घरातली वरची खोली मला दिली, आणि पाचव्या महिन्यात स्वतःच गेल्या. त्यानंतर मी दुसरीकडे जायला हवं होतं की राहायला, हे मला कळलं नाही, काकांनाही कळलं नाही, आणि दोघांनीही विषय न काढल्यामुळे मी अजून तिथेच आहे. आई पुण्याहून दर रविवारी सांगते, “काकांकडे लक्ष ठेव गं.” मी लक्ष ठेवते. बोलणं मला फारसं जमत नाही, लक्ष ठेवणं जमतं.

आणि लक्ष ठेवून ठेवून माझं असं मत झालंय की काकांइतका निष्ठावान माणूस साऱ्या टेक्सासमध्ये नसेल, आणि इतक्या गैरसोयीच्या गोष्टींवर निष्ठा ठेवणारा तर साऱ्या जगात नसेल. जे हरलं, जे बंद पडलं, जे बाजारातून उठलं, ते काकांचं. त्यांचा न्हावी रिटायर होऊन ह्यूस्टनच्या पार दुसऱ्या टोकाला मुलीकडे राहायला गेला. काका दर महिन्याला सव्वा तास ड्राइव्ह करून तिच्या गॅरेजमध्ये त्याच्याकडून केस कापून घेतात. डोक्यावर जे केस उरलेत ते एकेक करून मोजले तरी सव्वा तास लागणार नाही. त्यांच्या गाडीचा एसी गाडी उभी असतानाच थंड हवा देतो, त्यामुळे जुलैच्या उकाड्यात सिग्नल लाल झाला की काकांचा चेहरा खुलतो. त्यांची आवडती टूथपेस्ट कंपनीने बंद केली तेव्हा त्यांनी निषेधाचं पत्र लिहिलं, आणि कंपनीचं जे गुळगुळीत उत्तर आलं ते लॅमिनेट करून ठेवलं. लॅमिनेट करणं हा त्यांचा एक स्वतंत्र अध्याय आहे. कुठल्याशा सेलमध्ये त्यांना ते मशीन मिळालं आणि तेव्हापासून ह्या घरात कागद म्हणून काही उरला नाही. काकूंच्या गोड्या मसाल्याचं प्रमाण, विजेचं पहिलं बिल, मुलीचा तिसरीतला निबंध, सगळं प्लास्टिकच्या आत. सोशल सिक्युरिटीच्या कार्डावर ‘लॅमिनेट करू नये’ असं छापलेलं असतं, तेही लॅमिनेट. का, तर म्हणे ती सूचना पुसट होऊ नये.

पण ह्या सगळ्या निष्ठांची महानिष्ठा म्हणजे त्यांच्या कॉलेजची फुटबॉल टीम. हा फुटबॉल पायाने खेळत नाहीत. अंडाकृती चेंडू काखेत मारून पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला आडवं करायचं, असा तो खेळ. काका चाळीसेक वर्षांपूर्वी मास्टर्स करायला आले तेव्हा मॅचचं तिकीट फीमध्येच धरलेलं होतं. भरलेल्या फीमधलं काहीही वाया घालवायचं नाही, म्हणून ते गेले. तिथे त्यांना दिसलं की ही तर जाड कपड्यातली कबड्डी आहे. ते शाळेत कबड्डी खेळत. झालं, गुंतले ते गुंतले. लग्न होऊन काकू आल्या त्याच हंगामात त्यांनी दोन सीट घेतल्या, चौदा आणि पंधरा. कडेची चौदा काकांची, आतली पंधरा काकूंची. शुगर लँडहून ते स्टेडियम साडेतीन तासांवर. तरी वर्षाच्या सहा-सात शनिवारी पहाटे उठून, बटाटेवडे डब्यात भरून, दोघं निघत. टीम बहुतेक वेळा हरायची. काकूंनी एकदा मला सांगितलं होतं, “अगं, जिंकली की ह्यांना करमतच नाही. परतीच्या वाटेवर बोलायला विषय राहात नाही.”

काका स्टेडियमात मराठीतून ओरडतात. “धर! धर त्याला! अरे पाय धर, पाय!” पहिल्या वर्षी आजूबाजूचे दचकले. पाचव्या वर्षी मागच्या रांगेतल्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारून अर्थ समजून घेतला. पुढे पुढे ती अख्खी रांग, शेतीची अवजारं विकणारा, ट्रक चालवणारा, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई, सगळे एकसुरात “धर!” म्हणून ओरडायला लागले. काकूंच्या वड्यांचा डबा त्या रांगेतून फिरायचा आणि रिकामा परत यायचा. मग सीटसाठी नुसतं तिकीट पुरेना, वर दरवर्षी कॉलेजच्या क्रीडानिधीला देणगी द्यावी लागायला लागली. देणगी म्हणायचं, पण दिली नाही तर सीट जायची. आधी ट्रकवाला गेला, मग ऑर्गनवाल्या बाई, मग शिक्षिका. तिने जाताना काकांना मिठी मारली आणि म्हणाली, “माझ्या वाटणीचं तुम्हीच ओरडा.” आता त्या रांगेत कंपन्यांचे पाहुणे बसतात. दर शनिवारी वेगळे. गेल्या वर्षी त्यातला एक जण काकांना म्हणाला, “सर, जरा हळू ओरडाल का? मी कॉलवर आहे.”

पार्किंगचंही तेच. आधी कॅम्पसमध्ये कुठेही गाडी लावा. मग त्याचेही हंगामाचे पास निघाले. काकूंना ते पटेना. “मैदान काय ह्यांच्या आजोबांनी सारवलंय?” असं म्हणून त्या काकांना गेटवर सोडायच्या आणि दीड मैलावरच्या एका चर्चच्या आवारात गाडी लावून चालत यायच्या. पाद्री त्यांच्याकडून पैशांऐवजी चार वडे घ्यायचा. त्यामुळे शेवटची कित्येक वर्षं काकूंनी मॅचची सुरुवात पाहिलीच नव्हती. काका कडेच्या सीटवर बसून अर्धा वेळ मैदानाकडे आणि अर्धा वेळ पायऱ्यांकडे बघायचे.

मी एकदाच त्या स्टेडियमात गेले, काकू गेल्यानंतरच्या पहिल्या हंगामात. दोन सीट हातात असताना काकांनी माझ्यासाठी तिसरं तिकीट विकत घेतलं, पार वरच्या मजल्यावरचं. “वरून रचना चांगली कळते,” ते म्हणाले. आणि आपली दुर्बीण माझ्या गळ्यात अडकवली. गेटवर आमची वरात अडली, कारण तिकिटं आता फोनमध्येच असतात आणि काकांनी फोनवरच्या तिकिटाचा प्रिंट काढून तो लॅमिनेट केला होता. तो कोड दर काही सेकंदांनी बदलतो हे त्यांना पटेना. “बदलणाऱ्या गोष्टीला तिकीट कसं म्हणायचं?” ते गेटवरच्या बाईंना विचारत होते. आमच्यामागे चाळीस माणसं. मी त्यांच्या खिशातून फोन काढून चौदा नंबर उघडून दिला. पंधराही तिथेच होता, खालोखाल. मी त्याला हात लावला नाही. मग वर जाऊन त्यांच्याच दुर्बिणीतून मी खाली पाहिलं. काका पंधरा नंबरच्या सीटवर काही ठेवत नव्हते, टोपी नाही, थर्मास नाही. शेजारच्या पाहुण्याने तिच्यावर जॅकेट टाकलं, तेव्हा ते त्यांनी नीट घडी घालून, हसून, परत केलं.

आणि ह्या वर्षी ती टीम, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, प्लेऑफमध्ये पोचली. देशातल्या निवडक टीमच तिथे जातात, आणि पहिली मॅच चक्क आमच्याच मैदानावर होती. (पुढे ती टीम हरली, त्यामुळे काकांच्या निष्ठेला कसलाच धक्का लागला नाही.) काकांनी मंडळाच्या ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला. नातू झाला असं समजून तेवीस जणांनी अभिनंदन केलं. दोन दिवसांनी कॉलेजचं पत्र आलं, ‘आमच्या लाडक्या सदस्यास’ असं सुरू होणारं. प्लेऑफच्या सीट नेहमीच्या सदस्यांना आपोआप मिळणार नव्हत्या. देणगीच्या पायऱ्या होत्या, आणि काका सगळ्यात खालच्या पायरीवर. फोनवरची ती बाई हेच समजावून सांगायला बोलत होती. दोन्ही सीट ठेवल्या तर ह्या मॅचला एकही मिळणार नाही. एक कायमची सोडली तर तिची देणगी दुसरीच्या नावावर लागेल आणि ती सीट वरच्या पायरीवर जाईल. “ह्याला आम्ही राइट-सायझिंग म्हणतो, सर.” काकांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, “म्हणजे काय गं?”

“मापात आणणं,” मी म्हणाले.

“आपल्याला?”

मुदत शुक्रवारी पाचपर्यंत होती. त्या आठवड्यात काकांनी सगळे मार्ग करून पाहिले. बाहेर परत विकल्या जाणाऱ्या तिकिटांच्या ॲपवर त्यांनी तिथल्या चॅटशी घासाघीस केली. पलीकडे माणूस नाही, प्रोग्रॅम आहे, असं मी सांगेपर्यंत त्यांनी त्याची विचारपूस करून, रिटायर्ड माणूस असल्याचं सांगून, ‘तुमचं नको, माझं नको’ असा मधला भाव सुचवला होता. प्रोग्रॅमने आभार मानले आणि भाव वाढवला. वर ‘सुविधा शुल्क’ होतंच. “सुविधा कोणाची?” काका स्क्रीनला विचारत राहिले. मग मंडईचा नियम आठवून ते म्हणाले, “संध्याकाळी भाजी उतरते. थांबू या.” त्यांनी दोन दिवस भाव उतरायची वाट पाहिली. मेथी सुकते म्हणून स्वस्त होते. ही भाजी सुकणारी नव्हती. दर तासाला ते चष्मा लावून बघायचे आणि काढून ठेवायचे.

सांता क्लाराहून मुलीचा व्हिडिओ कॉल आला. “Baba, just watch it at home, ना. I’ll get you a bigger TV.”

“टीव्ही आहे की मोठा.”

“Then what’s the problem?”

“प्रॉब्लेम काही नाही,” काका म्हणाले. “तू जेवलीस का?”

गुरुवारी आम्ही दोघं जेवत होतो. काकांची आमटी त्या दिवशी अळणी झाली होती, पण मी मीठ मागितलं नाही. भात कालवून झाल्यावर ते ताटाकडे बघत म्हणाले, “एवढी वर्षं आम्ही दोघांनी ह्याच दिवसाची वाट पाहिली. दोघांपैकी एकाने तरी बघायला पाहिजे.” मी मान हलवली. मला वाटतं, त्यांना उत्तर नको होतं. ते वाक्य कुणासमोर तरी म्हणून बघायचं होतं.

शुक्रवारी मी घरून काम करत होते. चारच्या सुमाराला खालून हाक आली, “अगं, जरा येतेस का? बटणं बिटणं दाबायला सांगतील.” काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, फोनसाठी. पहिल्या वेळचीच बाई होती. तिने त्यांना आवाजावरून ओळखलं, मॅचच्या शुभेच्छा दिल्या, बिचारी खरंच चांगली होती. काकांनी घसा साफ केला आणि पाठ केल्यासारखं एका दमात सांगितलं की एक सीट सोडायची आहे.

“उत्तम निर्णय, सर!” ती म्हणाली. तिच्या समोरच्या कागदावर तेच लिहिलेलं असणार. कीबोर्डचा आवाज आला. “मग पंधरा नंबरची सोडतोय ना आपण? ती वापरात नाहीये, म्हणून विचारते.”

काकांनी तोंड उघडलं. एक सीट सोडायची, हे त्यांनी रात्रभर घोकलं होतं. कुठली, हे कुणी विचारेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्यांनी ओट्यावरचं फडकं उचललं, त्याची घडी घातली, ती मोडली, परत घातली. गॅसवर काही नव्हतं, तरी गॅस बंद असल्याची खात्री केली. ज्या माणसाने प्रोग्रॅमशी गप्पा मारल्या होत्या, त्याला एक आकडा उच्चारता येत नव्हता.

“सर? लाइनवर आहात ना? पंधरा रिलीज करू?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा माईक बंद ठेवते, मत असलं तर टाइप करते. मी फोन माझ्याकडे ओढला.

“पंधरा नाही,” मी म्हणाले. “चौदा सोडा. पंधरावर ते स्वतः बसतील.”