मोंतीवर्दी: परांड्याला ऐकलेलं आमचं जुनं आडनाव

परांड्याचा किल्ला बघायला निघालेले हल्ली मला वाट विचारतात. मी पहिल्यांदा गेले ती मात्र किल्ल्यासाठी नाही. महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. अब्बांची फुफी, म्हणजे आत्या, जिला आम्ही दादी म्हणायचो, परांड्यात अंथरुणाला खिळली होती. बाकीचे नातेवाईक हैदराबादला निघून गेलेले. तिला आमच्या घरी उस्मानाबादला आणायचं अब्बांनी ठरवलं आणि सोबत मला घेतलं.

एसटीनं येडशी, तिथून छोट्या आगगाडीनं बार्शी. इंजिनाच्या धुरानं माझी ओढणी काळवंडली. बार्शीच्या स्टँडबाहेर गरम भजी खाल्ली, चहा घेतला आणि परांड्याची एसटी धरली. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसांवर आलेली. वाटेत निजामाच्या वेळचा करोडगिरी नाका ओस पडला होता. पूर्वी इथं सामानाची झडती व्हायची. अब्बा मान वळवून त्याच्याकडं बघत राहिले.

१९४८च्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत युसुफचाचा, त्यांचा धाकटा भाऊ, याच रस्त्यानं बार्शीला निघाला होता. तो पोचला नाही, परतलाही नाही. आमच्या घरात कुणी त्याचं नाव काढत नसे.

दादीचं घर खंदकापासून जवळच होतं. घरात सगळे दखनी बोलायचे. इथं मराठीत लिहिते आहे. आमचं आडनाव गोलंदाज, म्हणजे तोफा डागणारे. पण शब-ए-बरातला हलव्यावर फातिहा, म्हणजे गेलेल्यांसाठीची दुआ, देताना दादी पूर्वजांची नावं घ्यायची, त्यातलं पहिलं नाव ‘मोंतीवर्दी’. मला वाटायचं, मोती लावलेली वर्दी. त्या संध्याकाळी मी तिला अर्थ विचारला.

“इटली म्हणून मुलूख हाय,” दादी म्हणाली. “तिथल्या बड्या घराण्यातला धाकटा पोरगा. जमीनजुमला थोरल्याला गेला, म्हणून ह्यो जहाजानं गोव्याला उतरला. तोफांचं काम जाणायचा, तवा इथं किल्ल्यावर चाकरीला राहिला. गोलंदाजाची लेक केली, कलमा पढून मुसलमान झाला. घराण्याचं नाव तेवढं सोडलं न्हाय.”

“पण नावाचा अर्थ काय?”

“डोंगर. त्यांच्या गावचा हिरवा डोंगर. माझे आजोबा सांगायचे.”

सकाळी आम्ही किल्ला पाहिला. बुरुजावरच्या तोफेवर अब्बांनी हात ठेवला, मग आम्ही उतरलो. घरी आल्यावर म्हणाले, “फुफी, आता आमच्याकडं चला.”

“म्या कुठं येऊ? माझी माणसं इथं पुरलीत. न्यायचं तर नावं ने, बेटा.”

ती गेलेल्यांचं एकेक नाव सांगत गेली, अब्बा मागोमाग म्हणत गेले. अब्बांच्या वडिलांपाशी येऊन ती थांबली.

“फुडचं तू सांग.”

“पुढं कुणी नाही, फुफी. मी त्याची वाट बघतोय.”

“म्याबी बघते. पण नावच घेतलं न्हाय, तर तो तिकडंबी एकटा अन् इकडंबी.”

डोक्यावर रुमाल टाकून अब्बांनी दुआसाठी हात उचलले आणि ते म्हणाले, “युसुफ.” दादीनं आमीन म्हटलं.

ती आली नाहीच. पुढच्या उन्हाळ्यात परांड्यातच वारली.

तुम्ही किल्ल्यावर जाणार असाल तर सकाळी लवकर जा, पाणी बरोबर ठेवा. बुरुजांवर सावली नाही. पुढं पुण्यात इटालियन जाणणाऱ्या एका बाईंना मी ‘मोंतीवर्दी’ हे नाव ऐकवलं. त्या म्हणाल्या, मोंते म्हणजे डोंगर, वेर्दे म्हणजे हिरवा. एवढ्यावरून घराणं सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. दादीचा शब्द सोडला तर माझ्याकडं दुसरा पुरावा नाही.

आम्ही उस्मानाबादला परतलो, त्या दिवशी अम्मीनं विचारलं, “फुफी कुठं?”

“नाही आल्या,” अब्बा म्हणाले. “युसुफची फातिहा दिली.”

अम्मीनं ताटं वाढली. अंबाडीच्या भाजीचा पहिला घास घेऊन अब्बा म्हणाले, “युसुफला ही लई आवडायची.” मग ते त्याच्याबद्दल बोलत राहिले, आणि आमची जेवणं कितीतरी वेळ चालली.